सतरा नंबरचा सूर

(आमच्या कम्युनिटी रेडिओवर संध्याकाळी सातच्या बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं बोलणं. बोललो तसंच जवळजवळ छापलं आहे.)

सात वाजले. तव्यावर भाकरी असेल तर होऊ द्या, पण रेडिओ जरा जवळ ओढून घ्या. आज कर्ज, हप्ते, शेळ्या, कोंबड्या यातलं काही नाही. कार्यक्रम सुरू होताना आत्ता जी धून वाजली, तिच्याबद्दल बोलायचंय.

ती घंटेसारखी आहे ना? देवळातल्या घंटेसारखी नाही, जरा काचेसारखी, आणि मागे सूप पाखडल्याचा ताल. महिनाभरात कितीतरी जणींनी फोन करून विचारलं, हे कुठलं वाद्य, वाजवतंय कोण? उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून आजचा सगळा वेळ त्यालाच दिलाय.

आधी जुन्या धूनेचं सांगतो. तुम्हाला आठवत असेल, अडीच वर्षं आपली दुसरीच धून होती. बासरी, ढोलकी, मध्येच व्हायोलिनचा लोंढा. तालुक्याच्या गावातल्या एका स्टुडिओतून ती करून घेतली होती. सहा हजार रुपये दिले, आणि तेही गटांच्या शिलकीतून. पावती घेतली, कागद मात्र काहीच केला नाही. धून छान होती आणि आम्ही खूश होतो.

गेल्या दिवाळीनंतर गावोगाव एक गाडी फिरायला लागली. वर भोंगा, अंगावर बोर्ड, ‘महिलांना तात्काळ कर्ज’. आणि भोंग्यातून वाजत होती तीच धून! तीच बासरी, तीच ढोलकी. बाया दारात आल्या आणि त्यांना वाटलं, ही रेडिओवाल्या बायांनी पाठवलेली गाडी. एका वस्तीवर तर चौघींनी आधार कार्डाच्या झेरॉक्स देऊन टाकल्या. पुढच्या मीटिंगला त्यातल्या एका ताईंनी आम्हालाच विचारलं, “तुमच्या त्या कर्जाला व्याज किती गं?” आमच्या पायाखालची वाळू सरकली. एकीने तर कर्ज उचललंही होतं. फॉर्मवरचं काही वाचलं नव्हतं. का वाचलं नाही, तर म्हणाली, “तुमचंच गाणं वाजत होतं की.”

आम्ही सहाजणी तडक त्या स्टुडिओत गेलो. तो भाऊ शांतपणे म्हणाला, “ताई, मी चोरी केली नाही. ही धून तयार तुकड्यांची आहे. असे तुकडे विकत मिळतात, कुणीही घ्यावेत, कुणीही वापरावेत. मी तुम्हाला जोडून दिले, दुसऱ्या कुणी त्यांना जोडून दिले असतील.” आम्ही चौकशी केली. नियमाने तो बरोबर होता. आमच्यासाठी धून त्याने बांधलीच नव्हती. चार तयार तुकडे एकापुढे एक चिकटवले होते. हे त्याने पैसे घेताना सांगायला हवं होतं, आणि आम्हीही विचारायला हवं होतं. दोन्ही झालं नाही.

त्या दिवशी परतीच्या एसटीत ठरवलं की आपली धून आपण बांधायची. पण त्यासाठी आधी हे आवाज येतात कुठून, ते समजून घ्यावं लागलं. तेच आता सांगतो.

लग्नाच्या वरातीत, गणपतीत तुम्ही ऑक्टोपॅड पाहिला असेल. रबराचे आठ चौकोन. पोरगा काठीने मारतो आणि आवाज येतो हलगीचा, ढोलकीचा, ताशाचा. तिथे कातडं कुठे आहे? हलगी कुणीतरी कधीतरी खरीच वाजवली होती. तो एक ठोका रेकॉर्ड करून यंत्रात भरून ठेवलाय. काठी पडली की तो ठोका बाहेर येतो. या भरून ठेवलेल्या ठोक्याला सॅम्पल म्हणतात. सॅम्पल म्हणजे नमुना. शितावरून भाताची परीक्षा करतो तसं, एका शितावरून इथे अख्खा भात रांधतात.

सिंथेसायझर हे मुळात वेगळं यंत्र. आपल्याकडे कुठल्याही की-बोर्डला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात, त्यातलाच हा थोरला भाऊ. पेटीला भाता असतो, सतारीला तार असते, ढोलकीला कातडं असतं. सिंथेसायझरला यातलं काहीच नाही. तो विजेच्या लहरीपासून सूर तयार करतो. बटणं, खुंट्या फिरवून त्या लहरीचा आकार बदलायचा की कधी घंटा होते, कधी शीळ, कधी ढगांचा गडगडाट. अमेरिकेत १९७० साली मिनीमोग आला, १९८३ साली जपानच्या यामाहाचा डीएक्स ७ आला. त्याच १९८३ साली मिडी नावाची पद्धत ठरली. एका कंपनीच्या पट्ट्या दाबल्या की दुसऱ्या कंपनीच्या यंत्रातून सूर निघावा, यासाठी सगळ्यांनी मान्य केलेली ती एक भाषा. आजही कॉम्प्युटर आणि की-बोर्ड त्याच भाषेत बोलतात.

ही यंत्रं महाग होती, जड होती आणि आता म्हातारी झालीत. म्हणून लोकांनी एक वाट काढली. यंत्राचा एकेक सूर रेकॉर्ड करायचा, कॉम्प्युटरमध्ये भरायचा आणि तिथून वाजवायचा. म्हणजे यंत्र घरी नसलं तरी त्याचा आवाज लॅपटॉपमध्ये असतो.

ही युक्ती घरोघरी कॉम्प्युटर येण्याच्याही आधीची आहे. इंग्लंडमध्ये १९६३ साली मेलोट्रॉन नावाचं वाद्य निघालं. त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत. पट्टी दाबली की ती फीत फिरायची, सुमारे आठ सेकंद. त्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर रेकॉर्ड केलेला. आठ सेकंदांनी फीत संपली की सूर गप्प. पुढे १९७९ साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट नावाचं यंत्र आलं. त्यात टेप नाही, आवाज आकड्यांच्या रूपात साठवायचा. किंमत घराएवढी, आणि एका सुराला जागा फक्त १६ केबी. आज तुमच्या मोबाइलवर ‘शुभ सकाळ’चा जो फोटो येतो, तो याच्या कितीतरी पट मोठा असतो.

आणि हे सगळं पुरुषांनीच केलं असं समजू नका. त्याच १९६३ साली लंडनला बीबीसीमध्ये डेलिया डर्बीशायर नावाची बाई नोकरीला होती. ‘डॉक्टर हू’ या मालिकेची धून तिने बनवली. सुरावट रॉन ग्रेनर यांची, पण कागदावरची ती सुरावट कानाला ऐकू येईल असं केलं तिने. छेडलेल्या एका तारेचा आवाज टेपवर घेतला. टेप कमी-जास्त वेगाने फिरवून त्याचे वेगवेगळे सूर केले. मग ब्लेडने टेपचे तुकडे कापले आणि चिकटपट्टीने एकापुढे एक जोडले. गोधडी शिवावी तशी धून शिवली. त्या वेळी पडद्यावर तिचं नाव आलं नाही. मालिकेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१३ साली आलं. ती २००१ मध्येच वारली होती. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या घंटेकडे येऊ. आमच्या सहाजणींत एकीची चुलत सासू आहे. आम्ही सगळ्याच त्यांना आक्का म्हणतो. आक्कांचे यजमान ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचे. जत्रा, लग्नं, गणपती, सगळीकडे त्यांना बोलावणं असायचं. मुंबईहून जुना सिंथेसायझर विकत आणलेला, ६१ पट्ट्यांचा. यंत्रात आवाज साठवायला ३२ घरं. सतराव्या घरात त्यांनी स्वतः बटणं दाबून दाबून एक घंटा तयार केली होती. आरतीच्या आधी तीच वाजवायचे. ते जाऊन नऊ वर्षं झाली. यंत्र माळ्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. आक्का ते भंगारात द्यायला निघाल्या होत्या. आम्ही म्हटलं, “आक्का, देऊ नका. आधी चालू होतं का बघू.”

चालू झालं! पण दोन अडचणी. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या दादांनी उघडून पाहिलं आणि म्हणाले, “आत एक बारकी बॅटरी आहे. तिच्यावर ही ३२ घरं जिवंत आहेत. ती उतरत आलीय. ती काढली की आतलं सगळं पुसलं जाईल, आणि नाही काढली तरी महिना-दोन महिन्यांत आपसूक पुसलं जाईल.” मिडीच्या वायरीने ती माहिती कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवता येते. पण मिडीचं भोक गंजून बंद पडलेलं. बटणांचे आकडे वहीत उतरवावेत, तर पडदा काळा झालेला. म्हणजे त्यांनी ती घंटा कशी बनवली हे कळायचा रस्ताच उरला नाही. घंटा ऐकू येत होती तोवर ती रेकॉर्ड करणं, एवढंच हातात होतं.

तर हे काम कसं करतात ते सांगतो. कुणाच्या घरी असं जुनं वाद्य असेल तर उपयोगी पडेल.

पहिली चूक आमची अशी की आम्ही स्पीकरसमोर मोबाइल ठेवला. घंटा रेकॉर्ड झाली, तिच्यासोबत पंखा झाला, शेळी झाली आणि शेजारच्या वहिनींचं पाण्यावरून भांडणही झालं. मग मोठ्या पिनेची, ती पी-३८ म्हणतात ती वायर आणली. यंत्रातून सरळ साउंड कार्डाच्या डबीत आणि डबीतून लॅपटॉपमध्ये. आता बाहेर बँड वाजला तरी फरक पडत नाही. पण एक बारीक गुंऽऽ असा आवाज येत राहिला. तो घरच्या विजेचा. आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, त्याचीच ती गुणगुण. लॅपटॉपचा चार्जर काढला, बॅटरीवर चालवला, तशी ती जवळजवळ गेली.

दुसरी चूक, मध्ये ऑर्केस्ट्राचा जुना मिक्सर जोडलेला होता आणि त्यावर एको चालू राहिला होता. एकेक सूर ऐकताना गोड वाटला. पण चार सूर एकत्र वाजवले की एकोवर एको चढून नुसता चिखल. सॅम्पल नेहमी कोरडं घ्यावं, मीठ-मसाला नंतर घालता येतो. आधी घातलेला काढता येत नाही. ते सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून बसलो.

आता ६१ पट्ट्या, पण ६१ सूर रेकॉर्ड करावे लागत नाहीत. कॅसेटच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं कसं जाड आणि रडकं व्हायचं, आठवतं? वेग कमी झाला की सूर खाली येतो. वेग वाढला की वर जातो, बाईचा आवाज लहान पोरीसारखा होतो. कॉम्प्युटर हेच मुद्दाम करतो. सूर एक पट्टी वर न्यायचा तर वेग साधारण सहा टक्के वाढवतो. बारा पट्ट्या वर, म्हणजे वरच्या ‘सा’ला न्यायचा तर वेग दुप्पट. पण फार ओढलं तर सोंग कळतं. घंटेतली थरथर भरभर व्हायला लागते, घंटेची खेळण्यातली घंटी होते. म्हणून दर तिसरी पट्टी रेकॉर्ड करायची. मग कुठलाही सूर एका पट्टीपेक्षा जास्त ओढावा लागत नाही. तशा झाल्या २१ पट्ट्या.

शिवाय प्रत्येक पट्टी दोनदा, एकदा हळू आणि एकदा जोरात. कारण या यंत्रात जोरात दाबलं की नुसता आवाज मोठा होत नाही, सूरच बदलतो. हळू दाबली तर घंटा मऊ, जोरात दाबली तर काच फुटल्यासारखी लख्ख. २१ दुणे ४२ रेकॉर्डिंग. एकेक साधारण दहा सेकंदांचं, कारण घंटेचा शेवटचा धागा विरेपर्यंत थांबावं लागतं. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजायचा, असं चांगल्या प्रतीचं रेकॉर्डिंग. सगळं मिळून ५५ एमबीच्या आसपास भरलं.

पट्ट्या दाबायला आक्काच बसल्या. आम्ही म्हटलं, “आक्का, तुम्हीच दाबा.” त्या म्हणाल्या, “ह्यांनी मला कधी हात लावू दिला नाही गं याला. म्हणायचे, सेटिंग बिघडेल.” पहिल्या दोन-तीन पट्ट्यांना त्यांचा हात इतका घाबरला की आवाजच उमटला नाही. मग सरावल्या. जोरात म्हटलं की अशी पट्टी हाणायच्या की आमची लाल पट्टी लागायची. लाल लागली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. म्हणून आवाज थोडा कमी ठेवून पुन्हा घ्यायचा. दोन रात्री गेल्या.

आम्ही वापरलेली सॉफ्टवेअर सगळी फुकटची आणि रीतसर फुकटची आहेत. ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्ड केलं आणि कापलं. सुराच्या आधीची शांतता अगदी कडेला कापावी लागते, नाहीतर पट्टी दाबल्यावर सूर उशिरा येतो आणि ताल पडतो. फाइलींना नावं देताना तिसरी चूक झाली. आम्ही एक, दोन, तीन अशी नावं दिली आणि मध्ये एक रेकॉर्डिंग पुसलं. सगळा क्रम सरकला. ‘सा’च्या जागी भलताच सूर! मग मिडीचे आकडे वापरले. मिडीत प्रत्येक पट्टीला ठरलेला आकडा आहे. आमच्या यंत्राची पहिली पट्टी ३६, शेवटची ९६. त्यामुळे फाइलींची नावं झाली ३६ हळू, ३६ जोरात, ३९ हळू, ३९ जोरात, असं ९६ पर्यंत. आठवणीतल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात तसं.

पुढे पॉलिफोन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे ४२ तुकडे पट्ट्यांवर बसवून एक साउंडफॉन्ट बांधला. साउंडफॉन्ट म्हणजे सगळ्या सुरांचं एक गाठोडं. ते एलएमएमएस नावाच्या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की माउसने वाजवता येतं. तिथे पडद्यावर चौकटी असतात. उभे सूर, आडवा वेळ. जिथे सूर हवा तिथे चौकोन भरायचा. आमच्यातली जी रांगोळीत हुशार आहे, तिने ते अर्ध्या तासात उचललं. म्हणाली, “ही तर ठिपक्यांची रांगोळी.”

ताल सुपाचा घेतला. तिथे एक गोष्ट कळली. पाखडण्याचा एकच आवाज घेऊन तो सोळा वेळा वाजवला, तर ते मशीन वाटतं. खरी बाई दोनदा सारखं पाखडतच नाही. म्हणून चौघींनी पाखडलेले चार आवाज घेतले आणि आलटून पालटून लावले. तेव्हा कुठे त्यात अंगण आलं.

इथे एक महत्त्वाचा भेद सांगतो, कारण आमचे सहा हजार याच्यावर गेले. एकेक सुराचं सॅम्पल वेगळं आणि तयार वाजवलेला तुकडा वेगळा. तयार तुकड्याला लूप म्हणतात. सॅम्पल म्हणजे पीठ-मीठ, लूप म्हणजे तयार भाकरी. पीठ सगळ्यांचं एका गिरणीतलं असलं तरी भाकरी ज्याची त्याची वेगळी होते. तयार भाकऱ्या विकत आणून ताटात मांडल्या, तर शेजारच्या ताटातही तीच दिसणार. कुणाकडून धून करून घ्याल तर विचारा, “यात तयार लूप आहे का? ही धून दुसऱ्या कुणाला देणार का?” आणि उत्तर कागदावर घ्या, सहीसकट.

कायद्याचंही थोडक्यात. आपल्या देशात कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. रेकॉर्डिंगवर ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं मालकाचा हक्क राहतो. सिनेमातल्या गाण्याचा तुकडा कापून आपल्या धूनेत घालायचा तर परवानगी लागते, तुकडा लहान आहे म्हणून सुटका नाही. की-बोर्डमध्ये कंपनीने भरून दिलेले आवाज असतात, ते वाजवून आपण गाणं केलं तर सहसा अडचण नसते. पण तेच सुटे आवाज काढून गाठोडं बांधून दुसऱ्याला विकणं किंवा वाटणं, हे बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही. सतरा नंबरची घंटा कंपनीची नव्हती, आक्कांच्या यजमानांनी घडवलेली होती. म्हणून परवानगी मागायची ती आक्कांकडे.

आणि ती आम्ही मागितली. दोन पानं लिहिली. आक्कांना वाचून दाखवली. त्यांनी दोन अटी घातल्या. कर्जाच्या जाहिरातीला ही घंटा वापरायची नाही आणि निवडणुकीच्या गाडीवर वाजवायची नाही. बाकी कुणी चांगल्या कामाला मागितली तर द्यायची, पण नाव सांगायचं.

त्यावरून आम्ही आवाजाची वही सुरू केली. हजेरीपुस्तकासारखीच. रेडिओवर जो आवाज वापरू तो या वहीत आधी लिहायचा. कुणाचा आवाज, कुठे घेतला, कोणत्या तारखेला, परवानगी कुणी दिली, कशाला वापरायचा नाही. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉत्वाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत ओवी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलेलं आहे. नाहीतर त्या सगळ्या ओव्या नुसत्या ‘पारंपरिक’ झाल्या असत्या. डेलिया डर्बीशायरचं नाव पडद्यावर यायला पन्नास वर्षं लागली. आपल्या वहीत नाव लिहायला पाच मिनिटं लागतात.

सतरा नंबरच्या पानावर आम्ही लिहिलं, आवाज आक्कांच्या यजमानांचा. आक्कांनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, “आणि पट्ट्या कुणी दाबल्या? ते नाही लिहिलं?” आम्ही वरमलो. नाव लिहायचं नाव लिहायचं म्हणत आम्हीच विसरलो होतो. आता तिथे दोन ओळी आहेत. सूर त्यांचा, हात आक्कांचा.

नवी धून पहिल्यांदा लागली त्या संध्याकाळी आम्ही आक्कांच्या ओट्यावर बसलो होतो. ऐकून झालं. आम्हाला वाटलं, डोळे पुसतील. त्या म्हणाल्या, “घंटा तीच आहे. पण हे शेवटचा सूर जरा ओढून, हलवून सोडायचे. हे तसं नाही.” खरं आहे. यंत्राच्या डाव्या बाजूला एक चाक होतं, ते फिरवून ते सूर हलवायचे. आम्ही सूर रेकॉर्ड केला, त्यांचं हलवणं नाही केलं. कुठल्या सुराला किती हलवायचं, ते त्यांच्या मनात होतं. ते ४२ तुकड्यांत येत नाही. ज्या बायकांचे नवरे, सासरे, भाऊ अजून वाजवतायत, त्यांनी हे ऐका. सूर तर घ्याच, पण माणूस आहे तोवर त्याला अख्खं गाणंही वाजवायला लावा आणि तेही रेकॉर्ड करून ठेवा.

पुढच्या आठवड्यात दादांनी बॅटरी बदलली. यंत्र चालतं, पण सतरा नंबरवर आता नुसती खरखर येते. ती घंटा फक्त आपल्या लॅपटॉपमध्ये आहे. आणखी दोन पेन ड्राइव्हवर उतरवलीय. एक आक्कांच्या कपाटात, एक आमच्यातल्या एकीच्या पिठाच्या डब्यामागे.

मधल्या काळात शेजारच्या गावचा एक डीजेवाला पोरगा आला. म्हणाला, “ती घंटा मला द्या, वरातीत घालतो.” आमच्यात दोन मतं झाली. तिघी म्हणाल्या द्यावी, लोकांच्या कानावर पडेल. तिघी म्हणाल्या नको, पुन्हा भोंग्यावर जाईल. शेवटी त्याला आक्कांकडे पाठवला. आक्कांनी त्याला चहा दिला, अटी सांगितल्या आणि म्हणाल्या, “आधी आरतीची ती चाल वाजवून दाखव.” तो अजून शिकतोय.

ज्या ताईंनी गाडीवरची धून ऐकून कर्ज घेतलं, त्यांचे हप्ते अजून चालू आहेत. ते आम्ही विसरलेलो नाही. गटाने त्यांना दोन हप्त्यांना हात दिला आणि त्यांचा फॉर्म सोबत बसून पहिल्यापासून वाचला. आता रेडिओवर दर सोमवारी आम्ही सांगतो आणि आजही सांगतो. आपला रेडिओ कुणालाही कर्ज देत नाही. आपली गाडी नाही, भोंगा नाही. ही घंटा रेडिओशिवाय कुठे कर्जाच्या बोलण्यासोबत ऐकू आली, तर सही करायच्या आधी आम्हाला फोन करा.

आणि कुणाच्या माळ्यावर जुना की-बोर्ड, पेटी, बुलबुलतरंग काही पडलं असेल, तर भंगारवाल्याच्या आधी आमच्याकडे आणा. उघडू नका, बॅटरी काढू नका. वही आणि वायर आमच्याकडे आहे. ज्याचं वाद्य आहे त्या घरातल्या एकीला मात्र सोबत आणा. पट्ट्या तिनेच दाबायच्या.

सव्वासात झाले. आता धून पुन्हा एकदा लावतो. या वेळी मागचं सूप काढलंय, नुसती घंटा आहे. ऐका, आणि आक्का, तुम्हीही ऐका. नमस्कार.